तेविसावा प्लॉट

"शून्य हलवू नकोस," नाना पलीकडच्या टोकावरून म्हणाले.

मी शून्य हलवलं नव्हतं. टेपची पितळी कडी हद्दीच्या दगडावर अंगठ्याने दाबून मी उकिडवी बसले होते, आणि त्या सकाळी ही तिसरी खेप होती.

"एकोणचाळीस फूट सात इंच." नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा पुन्हा वाचला. "सातच. कागदावर चाळीस आहे. गुट्टे सर, पाच इंच कमी भरतात."

प्लॉटचे मालक गुट्टे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. मार्चच्या उन्हात छत्री उघडून ते स्कूटरच्या सीटवर बसले होते.

"पाच इंचात काय बांधता सर तुम्ही? चपला ठेवायच्या का?"

"प्रश्न पाच इंचांचा नाही," नाना म्हणाले. "ते गेले कुठे, हा प्रश्न आहे."

"गेले असतील शेजाऱ्याकडं. वाटी घेऊन जावा आणि मागून आणा."

आई हसली. ती प्लॉटच्या मधोमध उभी होती. मोजणीशी तिचा संबंध नव्हता. चार रविवार ती आमच्याबरोबर येत होती आणि दर वेळी त्याच जागी उभी राहून पूर्वेकडे बघत होती. तिसऱ्या रविवारी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "इथं ओटा येईल."

नानांनी वहीत आकडा लिहिला. समोर तारीख आणि वेळ घातली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, परभणीची. वसमत रस्त्याच्या अंगाला ज्वारीची शेतं मोडून नवी वस्ती पडत होती. विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. दहा प्लॉट सोडले की एक घर, आणि मधे बाभळी. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, बत्तीस वर्षांची, अविवाहित. माझे वडील, नाना, सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत आम्ही बावीस प्लॉट पाहिले होते. हा तेविसावा.

बावीसपैकी एकही नानांनी नाकारला नव्हता. त्यांच्या खात्यात फाइल नाकारत नसत. शेरा मारून परत पाठवत. घरीही त्यांनी एक फाइल केली होती. तिच्यावर लाल दोरी होती आणि प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र पान होतं. 'समोर विजेची डीपी आहे. खुलासा व्हावा.' 'पश्चिमेस मंगल कार्यालय प्रस्तावित असल्याचे समजते. खात्री करावी.' 'रस्ता नकाशात तीस फूट, प्रत्यक्षात सत्तावीस. त्रुटीची पूर्तता व्हावी.' प्लॉटचे मालक बिचारे त्रुटीची पूर्तता करत बसत नसत. ते दुसऱ्याला विकून मोकळे होत.

प्रत्येक पानाला मागून माझा अहवाल टाचलेला असे. मातीचा पोत, चुनखडीचं प्रमाण, मुरूम किती फुटांवर लागतो, भिजल्यावर माती किती फुगते. ते मी मन लावून लिहायची आणि शेवटी, नानांनीच लहानपणी अर्ज लिहायला शिकवलं होतं त्याप्रमाणे, एक ओळ घालायची: योग्य त्या निर्णयार्थ सादर.

"सर," गुट्टे स्कूटरवरून उतरले, "एक सांगू का? राग नका धरू. मी माझ्या पोरीचं लग्न जमवलं, त्याला याच्यापेक्षा कमी दिवस लागले. आणि तिकडं तर पत्रिका जुळत नव्हती."

"जमीन म्हणजे लग्न नव्हे, गुट्टे सर."

"नाहीच ना. लग्नात पोराची उंची तीन वेळा कोण मोजत नाही."

नाना हसले नाहीत. त्यांनी टेप गुंडाळायला घेतली, फडक्याने पुसत पुसत. गुट्ट्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"उद्या सकाळी सेलूची पार्टी येतीय," ते आता आईशी बोलत होते. "वहिनी, मी सरांना शब्द दिला म्हणून थांबलो. ते लोक तर न बघताच घ्यायला तयार हायेत. आज दिवस मावळेपर्यंत तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण काहीतरी म्हणा."

"म्हणतो," आई म्हणाली.

"वृंदाचा खड्डा अजून व्हायचा आहे," नाना म्हणाले.

खड्डा नव्हे, गिरमिट होतं ते. माती काढायचं लोखंडी गिरमिट, वर आडवा दांडा, खाली पातं. मी प्रयोगशाळेतून नोंद करून आणलं होतं. पहिलं भोक दक्षिणेला घेतलं. साडेतीन फुटांवर पातं करकरलं, पिवळसर मुरूम वर आला. दुसरं मधे, आईच्या ओट्यापाशी. तिथेही साडेतीन. तिसरं पश्चिमेला, पावणेचार. काळ्या मातीच्या या भागात ही उत्तम जागा होती. बावीस प्लॉटांपैकी एकातही मला मुरूम इतक्या वर लागला नव्हता. मी तसं नानांना सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. ते काही लिहीत नव्हते. पेनाला टोपण तसंच होतं.

"नाना, ही चांगली गोष्ट आहे."

"हो, हो. ईशान्येचा कोपरा राहिला."

"तीन भोकं पुरतात हो," आई म्हणाली. "तिला घाम बघा किती आलाय."

"तीन जागांचं माहीत म्हणजे चौथीचं माहीत असं होत नाही. काय वृंदा?"

ते बरोबर होतं. मलाही ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. मी गिरमिट उचललं.

ईशान्येला चार फूट झाले, मुरूम नाही. पाच झाले. मी वरचा दांडा काढून जोड नळी बसवली. सहा फुटांवर काळी माती संपून निळसर करडी चिकण लागली, तिला साचलेल्या पाण्याचा वास होता. सात फुटांवर पात्याबरोबर विटेचा तुकडा आला, मग कोळशासारखा काळा कुजका पाला. मी तो तळहातावर घेऊन गुट्ट्यांसमोर धरला.

"इथे काय होतं?"

"हां, तो होय. तिथून नाला जायचा पूर्वी. या कोपऱ्याला नुसता चाटून जायचा. लेआउट पाडला तवा बुजवला, वळवला तिकडून." त्यांनी छत्रीने लांब दाखवलं. "दहा वर्षं झाली."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही इंच विचारत होता मॅडम. नाला कोणी विचारला नाही."

मी नानांकडे वळले. त्यांना सांगायची गरज नव्हती. भरावाची जमीन म्हणजे काय हे ते माझ्याआधीपासून जाणत होते. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. चार रविवार, इतकी खटपट, इतका वर मुरूम, आणि शेवटच्या भोकात हे.

नानांचा चेहरा उजळला होता. खांदे खाली आले होते, जसे दाढ दुखायची थांबल्यावर येतात. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"प्लॉटच्या ईशान्य भागात," ते स्वतःशी बोलत लिहू लागले, "बुजवलेला नाला आढळून आला. किती फुटांपर्यंत म्हणालीस?"

बावीस वेळा मी हे बघितलं असणार आणि एकदाही ओळखलं नव्हतं. मला इतका वैताग आला की गिरमिटाचा दांडा हातातून टाकून द्यावासा वाटला. पण ते सरकारी होतं, म्हणून खाली ठेवलं.

"वृंदा, इकडे ये," आई म्हणाली.

शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी बांधकामासाठी वाळू टाकली होती. आई त्या ढिगाच्या सावलीच्या बाजूला जाऊन बसली. मी उभी राहिले.

"बस. त्यांना ऐकू जायला नको."

"आई, मला आता कोणाशी बोलायचं नाही. ते खूश झालेत. तू बघितलंस? त्यांना खोट सापडली म्हणून ते खूश झालेत."

"मी सत्तावीस वर्षं बघतेय."

"मग कशाला येतेस दर रविवारी?"

"कारण मला ओटा पाहिजे," आई म्हणाली. "मला माझ्या घरात चटणी वाटायची आहे. बावन्नाव्या वर्षी मालकीणबाई म्हणाल्या, वहिनी, पाटा वाजतो, खाली यांचं डोकं दुखतं. तेव्हापासून मी वाटण घेऊन तुझ्या मावशीकडे जाते. चार वर्षं झाली. कोणी विचारलं का मला, डबा घेऊन कुठं जातेस?"

मला माहीत होतं ती कुठे जाते. मी विचारलं नव्हतं हे खरं.

"अकरा घरं झाली माझी," आई म्हणाली. "बाराव्यात मला भाड्यानं जायचं नाही."

"मग नानांना सांग ना."

"सांगून होत नाही. तुला ते वर्ष आठवतं? तू पाच वर्षांची होतीस, ते घरी होते."

मला आठवत होतं. माझ्या बालपणातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष. नाना दिवसभर घरी असायचे. तराजूचा काटा कसा वाचायचा, थर्मामीटरचा पारा नजरेच्या पातळीला आणून कसा बघायचा, सगळं त्यांनी मला तेव्हा शिकवलं. मी शास्त्राकडे गेले ती त्या वर्षामुळे, असं मी मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं.

"रजेवर होते ते," मी म्हटलं.

"निलंबित होते. चौदा महिने."

वाळूच्या पलीकडून नानांचा आवाज येत होता. ते गुट्ट्यांना नाल्याची रुंदी विचारत होते.

"एका गावात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या," आई म्हणाली. "जागा काळवटीची. हे म्हणाले, पाया खोल घ्यावा लागेल. साहेब म्हणाले, वेळ नाही, तू सही कर, मी कागदावर लिहून देतो ना की माझ्या सांगण्यावरून केली. आणि दिलं लिहून. पुढच्या मे महिन्यात मागची भिंत उभी फाटली. शाळेला सुट्टी होती म्हणून बरं. चौकशी लागली, तर फाइलमध्ये साहेबांचा कागदच नाही. यांची सही तेवढी होती. एकट्याची."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायचं नाही असं ठरलं होतं. तू किती खूश होतीस तेव्हा." तिने पायावरची वाळू झटकली. "परत घेतलं कामावर. पण तेव्हापासून हे स्वतःहून कशालाच हो म्हणत नाहीत. खालच्यानं 'करावे' असं लिहून सही केली असेल, तरच त्याच्याखाली 'सहमत' म्हणून सही करतात. पंचवीस वर्षं नोकरी अशीच केली. भाजीसुद्धा मी घ्या म्हटल्याशिवाय घेत नाहीत."

"मग तू म्हण, घ्या."

"माझं म्हणणं चालत नाही. मला मातीतलं कळत नाही, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय." ती मघापेक्षा हळू बोलत होती. "तुझे अहवाल मी वाचते, वृंदा. सगळे. चार चार पानं असतात. काय फुगतं, किती फुगतं. शेवटी काय करावं, ते एकातही नाही."

"ते माझं काम नाही, आई. मी माती काय आहे ते सांगते. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा."

"हेच ते म्हणतात. शब्दसुद्धा हेच. तुम्ही एकमेकांकडे कागद सरकवता आणि मी मधे उभी." आई उठली. "मला एकच सांग. कागदावर नको, तोंडी सांग. ही जागा तुझी असती, तर तू घेतली असतीस?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. नाला प्लॉटच्या फार तर नऊ-दहा फुटांत होता. उरलेली जमीन मी पाहिलेल्यांत उत्तम होती. पण त्या नऊ फुटांत ओल कुठवर सरकते, भराव अजून किती बसेल, हे चार भोकांवरून मी सांगू शकत नव्हते. अजून दहा घेतली असती, तरी पूर्ण सांगू शकले नसते.

"बहुतेक," मी म्हटलं.

"बहुतेकची भाकरी होत नाही."

"घेतली असती."

"मग तसं लिही."

मी हद्दीच्या दगडावर बसून लिहिलं. नाल्याचं सगळं लिहिलं, काहीही लपवलं नाही. कोपरा दहा फूट मोकळा सोडावा, तिथे भिंत आणू नये. बाकी पाया मुरुमापर्यंत न्यावा, वर काँक्रीटचा पट्टा फिरवावा. एवढं करूनही पूर्वेच्या भिंतीला थोडी हालचाल संभवते. इथपर्यंत हात सराईतपणे चालला. मग नेहमीची ओळ आली आणि पेन थांबलं. 'योग्य त्या' एवढं लिहूनही झालं होतं. ते मी खोडलं आणि लिहिलं: प्लॉट घ्यावा. खाली पूर्ण नावाने सही केली. एवढा छोटा शब्द लिहिताना माझा हात इतका घामेजला होता की सहीतला 'व' फुटला.

गुट्टे तोवर स्कूटरवर पुन्हा बसले होते. "मॅडम, पेपर सोडवून झाला का? वेळ संपत आली."

नानांनी कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर बराच वेळ राहिली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"आईनं सांगितलं म्हणून?"

"तिनं विचारलं. लिहिलं मी."

"वर लिहितेस भिंतीला हालचाल संभवते, आणि खाली लिहितेस घ्यावा. हे विसंगत आहे."

"विसंगत नाही, नाना. दोन्ही खरं आहे."

"आणि उद्या भिंत फाटली तर?"

"तर खाली माझी सही आहे. तुम्ही फक्त सहमत म्हणा."

त्यांनी आईकडे बघितलं. आईने नजर वळवली नाही. तिने मला काय सांगितलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला आणि फाइलची दोरी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"तुझी नोकरी किती राहिली?" त्यांनी मला विचारलं.

"सव्वीस वर्षं."

"सव्वीस." त्यांनी फाइल स्कूटरच्या डिकीवर ठेवली, तिच्यावर माझा कागद ठेवला. "सरका जरा, गुट्टे सर."

"घ्या घ्या. डिकीवर तर डिकीवर."

मला वाटलं, आता ते खाली 'सहमत' लिहितील. त्यांनी पेन माझ्या नावावर आणलं. डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली, बारीक, सरळ, अक्षरं खालून वाचता येतील अशी. सरकारी कागदावर खोडायची तीच रीत आहे, लपवायचं नसतं. रेघेच्या शेवटी समासात त्यांनी आद्याक्षरं घातली. मग त्याच्याखाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, मुकुंद विष्णुपंत मानवतकर, आणि सही केली. सहमत हा शब्द कुठेच नव्हता.

"नाना, अहवाल माझा आहे."

"अहवाल तुझा. घ्यावा, हे माझं." त्यांनी टोपण लावलं. "मी रिटायर माणूस. मला आता कोण निलंबित करतंय?"

तो शब्द आमच्या तिघांत पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला गेला. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

"गुट्टे सर," नाना म्हणाले, "आम्ही घेतो."

"पाच इंच कमी आहेत, बरं का सर."

"असू द्या."

घर पुढच्या वर्षी झालं. कोपरा मोकळा सोडला. चौथ्या उन्हाळ्यात पूर्वेच्या भिंतीला, खिडकीच्या खाली, एक भेग आली. केसाएवढी. पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. काळ्या मातीवर तसं होतं. मी मोजली तेव्हा अर्धा मिलिमीटर भरली आणि पुढे वाढली नाही. नाना असेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे. "जागा मी घेतली," असं म्हणायचे आणि भेगेवरून बोट फिरवायचे. कुणी म्हटलं, सिमेंट भरून घ्या, तर म्हणायचे, भरायचं कशाला, आहे ते आहे.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. पाट्यावर तिला वाटता येत नाही, मी वाटते. पाहुण्यांनी घराचं कौतुक केलं की ती सांगते, "यांच्या एकट्याच्या सहीनं घेतलंय." तो कागद फाइलमध्ये आहे, आणि रेघेखालचं माझं नाव अजून स्वच्छ वाचता येतं.